कोरड्या जमिनीवरचे शेजारी

(आपत्तीच्या काळातील मोहल्ल्याचे काम या विषयावरील कार्यकर्ता शिबिरात केलेले भाषण)



सकाळपासून आपण पंप, दोर, प्रथमोपचाराची पेटी यांबद्दल ऐकतो आहोत. माझ्या वाट्याला शेजाराचा विषय आलाय. शेजाऱ्याच्या हक्कांवर आपल्याकडे बयानं भरपूर होतात. चारही बाजूंना चाळीस घरांपर्यंत शेजार, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण ही चाळीस घरं कोणी खरंच मोजायला लागला, तर मध्येच एखादा रस्ता येतो, नाला येतो, रेल्वेचे रूळ येतात, आणि बहुतेकांची मोजणी तिथंच थांबते. ती कुठं थांबली यावर माणसं जगतात किंवा मरतात. हे मी तुम्हाला एका परक्या शहराच्या हकिगतीतून सांगणार आहे. त्या शहरात मी कधी गेलेलो नाही. जे सांगतोय ते वाचलेलं आणि माहितीपटांत पाहिलेलं आहे.

शहर न्यू ऑर्लिन्स, अमेरिकेच्या दक्षिणेला, मिसिसिपी नदीच्या मुखाजवळ. हेच शहर का, तर २६ जुलै २००५ आपल्यापैकी कोणीच विसरलेलं नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. त्यानंतर ३४ दिवसांनी, २९ ऑगस्टला, न्यू ऑर्लिन्सवर कॅटरिना हे चक्रीवादळ आलं. आपण तेव्हा आपला गाळ उपसत होतो, त्यामुळे तिकडच्या बातम्या बघायला कोणाला सवड नव्हती.

शहराची ठेवण आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला पाँचरट्रेन नावाचं प्रचंड सरोवर, आणि मधला बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली. वाटीत शहर वसवावं तसं. पण नदी शेकडो वर्षं पुराबरोबर गाळ आणून आपल्याच काठावर टाकत आली, त्यामुळे काठाची पट्टी उंच झाली. १७१८ मध्ये फ्रेंचांनी शहर वसवलं ते या उंच पट्टीवर. तोच आजचा फ्रेंच क्वार्टर. पुढच्या पिढ्यांनी दलदल उपसून, पंप लावून, बांध घालून वाटीच्या तळात वस्ती केली. उंच जमीन जुन्यांची, सखल जमीन नंतर आलेल्यांची आणि गरिबांची. आपल्याकडे मिठी नदीच्या काठावर कोण राहतं, हे तुम्हाला सांगायला नको.

या फ्रेंच क्वार्टरला लोक कलंदरांची वस्ती म्हणतात, पण ती आपोआप तशी झाली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा भाग पडझडीला आलेला होता. सिसिलीहून आलेले गरीब इटालियन तिथं दाटीवाटीनं राहत. भाडं स्वस्त, म्हणून लेखक आणि चित्रकार आले. विल्यम फॉकनर १९२५ मध्ये तिथं राहत होते, पुढे टेनेसी विल्यम्स आले. वादक आले, घरच्यांनी बाहेर काढलेले समलिंगी तरुण आले, बारमध्ये काम करणारे, रस्त्यावर चित्रं विकणारे, हात पाहून भविष्य सांगणारे. घरं जुनी, भिंतीला भिंत लागून. आत आपल्या वाड्यासारखा चौक, रस्त्याच्या बाजूला लोखंडी नक्षीच्या लांब गॅलऱ्या. गॅलरीत उभं राहिलं की समोरचा दिसतो, खालून जाणारा दिसतो. अशा ठिकाणी माणसं एकमेकांना नावानं ओळखतात. आपल्या चाळीत राहिलेल्यांना हे कळेल.

२८ ऑगस्टला, म्हणजे वादळाच्या आदल्या दिवशी, महापौर रे नेगिन यांनी शहर सक्तीनं रिकामं करण्याचा आदेश दिला. बाहेरचे लोक अजून विचारतात, की मग लोक गेले का नाहीत? त्याचं उत्तर साधं आहे. शहरातल्या चारांतल्या एकाहून जास्त कुटुंबांकडे गाडीच नव्हती. वादळ आलं महिन्याच्या २९ तारखेला, आणि पेन्शन, सरकारी मदत हे सगळं हातात पडतं नव्या महिन्याच्या सुरुवातीला. खिशात पेट्रोलचे पैसे नाहीत, बाहेरगावी हॉटेलात राहण्याचे तर दूरच. काही जण कुत्र्या-मांजरांना सोडून जायला तयार नव्हते, आणि निवाऱ्यात प्राणी घेत नव्हते. हे कारण इतकं मोठं ठरलं की दुसऱ्याच वर्षी अमेरिकेला त्यासाठी कायदा करावा लागला. फ्रेंच क्वार्टरमधले काही मात्र निव्वळ हट्टानं थांबले. या घरांनी अशी वादळं पुष्कळ पाहिली आहेत, हा त्यांचा हिशेब.

तो हिशेब त्यांच्यापुरता बरोबर निघाला. सोमवारी वादळ गेलं. कौलं उडाली, झाडं पडली. सेंट लुईस कॅथीड्रलच्या मागच्या बागेतले जुने ओक उन्मळले. तिथल्या येशूच्या पुतळ्याची दोन बोटं तेवढी तुटली. लोक बाहेर आले आणि वाचलो म्हणाले. पण तोवर शहराच्या दुसऱ्या बाजूला कालव्यांच्या पूरभिंती कोसळत होत्या. सतरावा रस्ता कालवा, लंडन अव्हेन्यू कालवा, इंडस्ट्रियल कालवा. या भिंती बांधल्या होत्या लष्कराच्या अभियंता दलानं, आणि त्यातल्या काही तर पाणी त्यांच्या माथ्यापर्यंत पोचायच्या आतच ढासळल्या. म्हणून न्यू ऑर्लिन्सचे लोक ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हटलं की चिडतात, आणि मला ते रास्त वाटतं. शहराचा ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. फ्रेंच क्वार्टर कोरडा राहिला.

कोरडा म्हणजे सुखरूप नव्हे. वीज नाही, नळाला पाणी नाही, फोन बंद, सप्टेंबरचा दमट उकाडा, डास, रस्त्यावर सडणाऱ्या कचऱ्याचे ढीग. सरकारी माणूस दिसत नाही. त्या दिवसांत तिथले लोक कसे राहिले याची एका वृत्तसंस्थेनं दिलेली हकिगत जगभर छापली गेली. मागं राहिलेल्यांनी आपापल्या टोळ्या केल्या आणि कामं वाटून घेतली. काही जण कपडे घेऊन नदीवर धुवायला जायचे, तोवर बाकीचे घरांवर लक्ष ठेवायचे. टोळीत श्रीमंत घरमालकही आणि जेमतेम भाडं भरणारेही. एका माणसाला लुटताना त्याचा कान फाटला होता. तो एका बारमध्ये, तिथं दारू देणाऱ्या माणसानं शिवला. बर्बन स्ट्रीटवरचा जॉनी व्हाइट्स नावाचा बार वादळातही बंद झाला नव्हता. कोमट बिअर आणि मेणबत्त्या. पण लोक तिथं नुसते प्यायला येत नव्हते. कोण जिवंत आहे, कोणाकडे पाणी आहे, पोलिसांची गाडी कुठं दिसली, हे कळण्याची ती जागा झाली.

आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल, की शिबिरात दारूच्या गुत्त्याचं कौतुक कशाला? गुत्त्याचं नाही, उघड्या दाराचं आहे. संकटात माणसाला एक अशी जागा लागते जिथं गेलं की कोणीतरी भेटतंच. ती ठरलेली असावी लागते, आणि आधीपासून सवयीची असावी लागते. संकट आल्यावर फलक लावून ती तयार होत नाही. तुमच्या मोहल्ल्यात अशी जागा कोणती, याचा विचार करून ठेवा. चहाची टपरी असेल, वाचनालय असेल, मशिदीचा ओटा असेल. आणि बायका तिथं येऊ शकतात का, हेही बघा. येऊ शकत नसतील तर ती अर्ध्या मोहल्ल्याचीच जागा आहे.

एक गोष्ट मला फार आवडते. तिथं दरवर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला समलिंगी लोकांची एक मोठी मिरवणूक निघते. त्या वर्षी ती रद्द झाली, हे उघड होतं. तरी रविवारी, ४ सप्टेंबरला, मागं राहिलेले वीस-पंचवीस जण नटूनथटून, रंगीत छत्र्या घेऊन रस्त्यावरून चालले. लोक प्रेतं मोजत होते तेव्हा हे काय थेर, असं कोणी म्हणेल. मला वाटतं, आम्ही आहोत, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

दोन दिवसांनी महापौरांनी कोरड्या भागांतूनही लोकांना बळानं हलवण्याचा आदेश दिला. फ्रेंच क्वार्टरमधले बरेच जण हलले नाहीत आणि पोलिसांनी फारसा हट्टही धरला नाही. महिनाअखेरीस तो भाग परत उघडला तेव्हा ते तिथंच होते.

इथवर गोष्ट छान आहे, आणि ती बहुतेक वेळा इथंच संपवतात. त्याचं एक कारण असं की पत्रकारांचा मुक्काम त्याच भागात होता. जे डोळ्यांपुढं होतं ते लिहिलं गेलं. पण फ्रेंच क्वार्टरला लागूनच, एक रस्ता ओलांडला की, ट्रेमे नावाची वस्ती आहे. अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या कृष्णवर्णीय वस्त्यांपैकी एक. ज्या संगीतासाठी जग फ्रेंच क्वार्टरला येतं, ते घडवणारे कितीतरी वादक तिथले. १९६०च्या दशकात सरकारनं शहरात दोन उंच महामार्ग आखले. एक फ्रेंच क्वार्टरच्या नदीकाठावरून जाणार होता. तिथल्या रहिवाशांकडे वकील होते, ओळखी होत्या. ते अनेक वर्षं भांडले आणि १९६९ मध्ये तो रद्द झाला. दुसरा ट्रेमेच्या क्लेबॉर्न अव्हेन्यूवरून गेला. तिथली ओकची झाडं तोडली, दुकानं गेली, आणि त्यासाठी कोणाला विचारलंही नाही. २००५ मध्ये पाणी चढलं तेव्हा आसपासच्या वस्त्यांतले लोक जीव वाचवायला त्याच उंच रस्त्यावर जाऊन बसले, उन्हात, पाण्यावाचून. फ्रेंच क्वार्टरमधली बहुतेक वस्ती गोरी, तर शहराचे दोन-तृतीयांश लोक कृष्णवर्णीय. आपल्या गल्लीतल्यांसाठी जीव टाकणाऱ्या त्या टोळ्यांपैकी किती जणांनी ट्रेमेला आपला शेजार मानलं असेल? मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या हातात फार काही नव्हतंच. पण आपण शिकायला बसलोय, तर हा प्रश्न टाळता येत नाही.

कारण त्या मधल्या रस्त्यावरून अफवा मात्र बिनदिक्कत ये-जा करत होत्या. सुपरडोम या मोठ्या क्रीडागारात आणि कन्व्हेन्शन सेंटरमध्ये हजारो लोक अडकले होते. तिथं खून पडतायत, लहान मुलांवर बलात्कार होतायत, असं पसरलं. स्वतः महापौर आणि पोलीसप्रमुख दूरचित्रवाणीवर तसं बोलले. राज्यपाल बाईंनी सैनिकांना गोळ्या घालण्याची मुभा असल्याचं जाहीर केलं. ३१ ऑगस्टला, लोक अजून छपरांवर बसून हात हलवत होते तेव्हा, पोलिसांना बचावाचं काम सोडून लुटारूंच्या मागे लागायला सांगितलं गेलं. महिन्याभरानं तिथल्याच वर्तमानपत्रानं शोध घेतला. दोन्ही ठिकाणी मिळून दहा मृतदेह सापडले होते, आणि त्यांत खुनाचा संशय एकाच बाबतीत. पोलीसप्रमुखांनी राजीनामा दिला. पण तोवर ४ सप्टेंबरला डॅन्झिगर पुलावर पोलिसांनी निःशस्त्र कुटुंबांवर गोळ्या झाडून झाल्या होत्या. दोघं मेले, चौघं जखमी झाले.

आपण इथं बसून हसायचं कारण नाही. त्याच वर्षी २८ जुलैला मुंबईत, जुहूजवळच्या नेहरूनगरात, पाण्याचा लोंढा येतोय या अफवेनं चेंगराचेंगरी झाली आणि माणसं मेली. लोंढा आलाच नाही.

आता नदीच्या पलीकडं जाऊ. फ्रेंच क्वार्टरच्या अगदी समोर, दुसऱ्या तीरावर, अल्जिअर्स नावाचा भाग आहे. तोही कोरडाच राहिला. त्याचं नदीकडचं टोक म्हणजे अल्जिअर्स पॉइंट. जुनी सुंदर लाकडी घरं, वस्ती मुख्यतः गोऱ्यांची. मागचा मोठा भाग कृष्णवर्णीयांचा. तिथल्या फेरीच्या धक्क्यावरून लोकांना बसनं बाहेर काढणार होते, म्हणून बुडालेल्या वस्त्यांतले लोक त्या दिशेनं चालत यायला लागले. पॉइंटवरच्या काही गोऱ्या रहिवाशांनी झाडं आणि भंगार टाकून रस्ते अडवले आणि बंदुका घेऊन पहारा सुरू केला. तेही एकमेकांचे शेजारीच होते, लक्षात घ्या. त्यांनीही कामं वाटून घेतली होती, पाळ्या लावल्या होत्या, एकमेकांच्या जेवणाची काळजी घेतली होती. शेजारधर्मात म्हणाल तर काही कमी नव्हतं. आणि त्यांनी धक्क्याकडे जाणाऱ्या कृष्णवर्णीय माणसांवर गोळ्या झाडल्या. ए. सी. थॉम्पसन या पत्रकारानं तीन वर्षांनी शोध घेऊन लिहिलं, की निदान ११ जणांवर गोळीबार झाला. संघराज्याच्या न्यायालयात त्यातल्या एका गोऱ्या माणसाला शिक्षा झाली, दहा वर्षांची. ती सुनावायला २०१९ साल उजाडलं.

पुलाचंही तेच. १ सप्टेंबरला शहरातून पायी निघालेल्या जमावाला नदीवरच्या मोठ्या पुलावर पलीकडच्या ग्रेटना या गावाच्या पोलिसांनी अडवलं. डोक्यावरून गोळ्या झाडून परत पाठवलं. गाव कोरडं होतं.

त्याच अल्जिअर्समध्ये मलिक रहीम राहत. एके काळी ब्लॅक पँथर चळवळीत होते, धर्मानं मुसलमान. बंदुकवाले त्यांच्याही वाटेत उभे राहिले होते. त्यांच्या घरात बसून तिघा-चौघांनी ५ सप्टेंबरला कामाला सुरुवात केली. गाठीला पैसे होते पन्नास डॉलर. चार दिवसांनी, ९ सप्टेंबरला, टेश स्ट्रीटवरच्या मशीद बिलालमध्ये दवाखाना उघडला. मशिदीनं जागा दिली. उपचार करायला आले बाहेरगावचे तरुण. त्यांतले पुष्कळ गोरे आणि अराजकवादी विचारांचे. मोर्चांमध्ये जखमींना मलमपट्टी करायचा त्यांना सराव होता. ते सायकलवरून घरोघर जात, आणि रक्तदाब मोजू का, असं विचारत. धनुर्वाताच्या लशी देत, मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या संपलेल्या गोळ्या मिळवून देत. त्या वस्तीतल्या अनेकांकडे त्या दहा दिवसांत आलेली ही पहिलीच माणसं, ज्यांच्या हातात बंदूक नव्हती.

मशिदीचं नाव आलं म्हणून आपण छाती फुगवायला नको. इमारतीनं काही केलं नाही. कोणीतरी किल्ली काढून दार उघडलं, आणि येणाऱ्याला तुझा धर्म कोणता हे विचारलं नाही. आपल्याकडे किल्ली विश्वस्तांकडे असते. विश्वस्त गावाला गेलेले असतात. त्यामुळे दुसरी किल्ली कोणाकडे असणार, हे आजच ठरवा. पुढे दवाखाना जवळच्याच दुसऱ्या जागेत गेला आणि बरीच वर्षं चालला. या कामातून ‘कॉमन ग्राउंड’ ही संस्था उभी राहिली, हजारो स्वयंसेवक आले. ‘दान नको, एकजूट हवी’ अशी त्यांची घोषणा. संस्थेत भांडणंही झाली, आणि तिथला एक पुढारी पुढे सरकारी खबऱ्या निघाला. चळवळीत काम केलेल्यांना याचं फार आश्चर्य वाटणार नाही.

मला जे सांगायचंय ते या दोन कोपऱ्यांत आहे. एकच अल्जिअर्स, तेच वादळ, तीच कोरडी जमीन, आणि एक कोपरा दुसऱ्यापासून चालत जाण्याइतका जवळ. एका ठिकाणी अनोळखी माणूस येताना दिसला की लोक विचार करत, हा काय नेईल? दुसऱ्या ठिकाणी त्याला विचारत, तुझी गोळी संपली का? हा फरक स्वभावाचा आहे असं मला वाटत नाही. अफवा कोणाकडून ऐकल्या आणि वादळाच्या आधी त्या रस्त्यापलीकडच्या किती जणांना नावानं ओळखत होतो, यावर पुष्कळसं ठरतं. मोहल्ला एक झाला म्हणून आपण खूश होतो. तो कशासाठी एक झालाय, हे दरवेळी विचारायला हवं. आपल्या दंगलींतही मोहल्ले एक झालेच होते.

एक आकडा सांगतो आणि थांबतो. कॅटरिनात १,८३३ माणसं मेली असं अनेक वर्षं सांगत. २०२३ मध्ये त्यांच्या राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्रानं फेरमोजणी करून १,३९२ हा आकडा दिला. लुइझियाना राज्यात मेलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे ७५ वर्षांचे किंवा त्याहून म्हातारे होते. घरात, माळ्यावर, रुग्णालयात, वृद्धाश्रमात मेले. त्यांतल्या बऱ्याच जणांसाठी कोणीतरी वर येऊन दार वाजवणं पुरेसं होतं.

जेवणानंतर गट पाडलेत. प्रत्येक गटानं आपल्या गल्लीचा नकाशा कागदावर काढायचा. एकटे राहणारे म्हातारे कुठल्या घरात, डायलिसिसवर कोण, इन्सुलिन कोणाला लागतं, बाळंत व्हायची कोण आहे, अपंग कोण. कोणाचं दार कोण वाजवणार, त्याचं नाव पुढं लिहायचं. नकाशा नाल्यापाशी किंवा हमरस्त्यापाशी संपवू नका. पलीकडच्या वस्तीतल्या निदान चार घरांची माहिती हवी. ज्यांना पलीकडचं एकही नाव आठवत नसेल, त्यांनी कागदावर तसं लिहा. पुढच्या रविवारी आपण तिकडूनच सुरुवात करू.